बीजदोष कोणाचा? संगणकीय जनुकशास्त्राचे निष्कर्ष आणि वैद्यांचे कर्तव्य

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील चोविसाव्या अध्यायात व्याधींचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पहिले दोन, आदिबलप्रवृत्त आणि जन्मबलप्रवृत्त, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. शुक्र-शोणिताच्या दुष्टीतून येणारे कुष्ठ, अर्श आदी व्याधी पहिल्या गटात पडतात. जन्मतः पंगुत्व, अंधत्व, बाधिर्य, मूकत्व, वामनत्व इत्यादी विकृती दुसऱ्या गटात येतात आणि त्यांचा संबंध मातेच्या गर्भिणी अवस्थेतील अपचाराशी जोडलेला आहे. पदवी अभ्यासक्रमात हे वर्गीकरण आपण सर्वांनी मुखोद्गत केलेले असते व परीक्षेपुरते ते पुरेसेही ठरते. मात्र तीन वर्षांचे होऊनही न बोलणारे, न चालणारे मूल मांडीवर घेऊन एखादी माता चिकित्सालयात समोर बसते, तेव्हा या वर्गीकरणाला एकदम वेगळेच वजन प्राप्त होते.

अशा मातेच्या मनात दोन प्रश्न असतात. असे का झाले, माझे काही चुकले का, हा पहिला. पुढचे मूल कसे होईल, हा दुसरा. पहिला प्रश्न ती पुष्कळदा स्वतः विचारतही नाही. सोबत आलेली सासू किंवा नणंद तो विचारते आणि त्या विचारण्यातच उत्तर दडलेले असते. ग्रहणात बाहेर पडली होती, पपई खाल्ली होती, डोहाळे पुरवले गेले नाहीत, वैद्यांनी सांगितलेला मासानुमासिक काढा घेतला नव्हता, अशी यादी तयारच असते. आपण त्यावर काय बोलतो याला त्या घरात प्रमाणवचनाचे मोल असते. आपल्या एका होकाराने एका स्त्रीच्या माथी आयुष्यभराचा दोष बसू शकतो. म्हणूनच या दोन प्रश्नांची उत्तरे आज कोणत्या प्रमाणांवर द्यावयाची, याचा विचार प्रत्येक वैद्याने करणे अगत्याचे आहे. गेल्या पंधरा वर्षांत संगणकीय जनुकशास्त्राने या दोन्ही प्रश्नांवर मोठा प्रकाश टाकला आहे. त्याचा परिचय व्यवसायबंधूंना करून द्यावा, एवढाच या लेखनाचा हेतू.

पाठभेदांचे शास्त्र

मानवी जनुकसंचाच्या, म्हणजे जीनोमच्या, वाचनाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० साली सुरू झाला व २००३ साली पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. हा ग्रंथ सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे. त्यात प्रथिनांची घडण सांगणारी सुमारे २०,००० जनुके असून त्यांतील प्रत्यक्ष प्रथिन-संहिता सगळी मिळून ग्रंथाचा जेमतेम दीड टक्का भाग व्यापते. उरलेल्या भागात नियंत्रणाच्या सूचना आहेत आणि अद्याप अर्थ न लागलेला पुष्कळ मजकूरही आहे.

या शास्त्रात संगणकाचे काम नेमके कोणते, हे समजण्यासाठी आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. देशभरातील हस्तलिखिते जमवून, श्लोकाशेजारी श्लोक ठेवून पाठभेद नोंदवले गेले. लेखनिकाच्या हातून अक्षर गळणे, बदलणे, ओळ दोनदा लिहिली जाणे हे प्रत्येक प्रतीत घडलेले असते. त्यांतील बहुसंख्य भेदांनी अर्थ बिघडत नाही. क्वचित एखाद्या अक्षराने मात्र अर्थाचा अनर्थ होतो. कोणता भेद निरुपद्रवी आणि कोणता घातक, हे एकच पोथी पाहून कधीही सांगता येत नाही. त्यासाठी अनेक पोथ्या समोर असाव्या लागतात.

जीनोमचेही तसेच आहे. प्रमाणप्रतीशी ताडून पाहिल्यास कोणत्याही निरोगी मनुष्यात ४० ते ५० लाख ठिकाणी पाठभेद सापडतात. यंत्र हा ग्रंथ सलग वाचत नाही. नेहमीच्या पद्धतीत ते शे-दीडशे अक्षरांचे कोट्यवधी तुकडे वाचते. ते तुकडे जागच्या जागी लावणे, भेद नोंदवणे, आणि त्या लाखो भेदांतून व्याधीला कारण होणारा एखादा भेद निवडणे, हे सारे गणिताचे व संगणकाचे काम आहे. येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची ठरते. वीसांत एकदा केवळ योगायोगाने घडणारी गोष्ट आपण पुरावा म्हणून स्वीकारू लागलो, तर २०,००० जनुके तपासताना सुमारे १,००० जनुके निष्कारण दोषी ठरतील. म्हणून या शास्त्रात पुराव्याची कसोटी अत्यंत कठोर ठेवावी लागते आणि रुग्णसंख्याही मोठी घ्यावी लागते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. प्रकृतिविषयक संशोधनाचा विचार करताना तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

तेरा हजार कुटुंबांचा अभ्यास

बालकांच्या विकासातील विकृतींवर झालेला एक अत्यंत मोठा अभ्यास ब्रिटनमधील आहे. केंब्रिजजवळील वेलकम सँगर संस्था आणि ब्रिटन व आयर्लंडमधील २४ प्रादेशिक जनुकचिकित्सा केंद्रे यांनी तो संयुक्तपणे हाती घेतला. मॅथ्यू हर्ल्स, हेलन फर्थ, कॅरोलिन राइट ही त्यातील प्रमुख नावे. बौद्धिक अक्षमता, आकडी, वाढ खुंटणे, जन्मजात व्यंगे अशी तीव्र लक्षणे असूनही निदान न झालेली बालके व त्यांचे मातापिता यांची नोंदणी २०११ ते २०१५ या काळात झाली आणि त्यांच्या जनुकांतील प्रथिन-संहितेचा भाग वाचला गेला.

या अभ्यासाचे बळ त्रयीत आहे. बालकाचा एकट्याचा पाठ वाचला तर हजारो संशयास्पद भेद हाती लागतात. माता, पिता व अपत्य असे तिघांचे पाठ शेजारी ठेवले, की जे भेद निरोगी पालकांतही आहेत ते बहुतांशी बाजूला पडतात आणि केवळ बालकात नव्याने अवतरलेले मोजके भेद उरतात. यांना नवोद्भूत उत्परिवर्तने म्हणता येईल. प्रत्येक जनुकात असे बदल योगायोगाने किती घडावेत, याचा अंदाज त्या जनुकाची लांबी व अक्षररचना यांवरून बांधता येतो. हजारो रुग्ण बालकांत एखाद्या जनुकात त्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक बदल आढळले, तर ते जनुक व्याधीचे कारण असल्याचा निष्कर्ष निघतो.

२०१५ साली पहिल्या १,१३३ कुटुंबांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा निदानाचे प्रमाण सुमारे २७ टक्के होते. २०२३ साली १३,४४९ बालकांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात ते सुमारे ४१ टक्क्यांवर पोहोचले होते. दरम्यानच्या काळात नवी कारक जनुके सापडत गेली आणि आधी वाचलेले पाठ नव्या ज्ञानाच्या आधारे पुन्हा तपासले गेले. नकारात्मक आलेला जनुकीय अहवाल हा अंतिम शब्द नसतो. दोन-तीन वर्षांनी तोच तपशील पुन्हा पाहण्याचा आग्रह धरावा, हा यातून घ्यावयाचा व्यावहारिक बोध.

हे काम अद्याप संपलेले नाही. २०२० साली अन्य केंद्रांची माहिती एकत्र करून ३१,०५८ त्रयींचा अभ्यास झाला. त्यात २८ नवी कारक जनुके निश्चित झाली आणि आणखी हजाराहून अधिक जनुके अज्ञात असावीत, असा गणिती अंदाज निघाला. २०२४ साली तर आरएनयू४-२ या अवघ्या १४१ अक्षरांच्या जनुकातील बदल बौद्धिक अक्षमतेचे एक महत्त्वाचे कारण असल्याचे उघड झाले. हे जनुक प्रथिन घडवतच नाही. त्यामुळे केवळ प्रथिन-संहिता वाचणाऱ्या तपासण्यांच्या कक्षेबाहेर ते इतकी वर्षे राहून गेले होते.

दोष कोणाचा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २०२३ च्या आढाव्यात ज्या बालकांचे निदान झाले, त्यांच्यापैकी ७६ टक्क्यांत विकृतीचे कारण नवोद्भूत उत्परिवर्तन हेच होते. म्हणजे तो दोष मातेत नव्हता आणि पित्यातही नव्हता. बीज निर्माण होताना, अथवा गर्भधारणेच्या अगदी आरंभी, पाठाची प्रत काढताना एक अक्षर चुकले, आणि नेमके ते मर्मस्थानी पडले. असे नवे बदल आपल्यापैकी प्रत्येकात आहेत. प्रत्येक मूल सरासरी ६० ते ७० नवे पाठभेद घेऊन जन्मास येते; त्यांपैकी प्रथिन-संहितेत सरासरी एखादाच पडतो आणि बहुधा तोही निरुपद्रवी असतो. अशा बदलांमुळे विकासाची विकृती घेऊन जन्मणाऱ्या बालकांचे प्रमाण, पालकांच्या वयानुसार, २१३ जन्मांत एक ते ४४८ जन्मांत एक इतके असावे, असे याच अभ्यासाने २०१७ साली दाखवले.

वयाचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट. आइसलँडमधील १,५४८ त्रयींच्या २०१७ सालच्या अभ्यासात असे दिसले, की पित्याच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे अपत्यातील नव्या बदलांत सुमारे दीडाची भर पडते. मातेच्या वयामागे ही भर सुमारे एक तृतीयांश आहे. शुक्रनिर्मिती आयुष्यभर चालू राहते व प्रती काढण्याचे काम अखंड होत असते, हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. म्हणून पित्यास दोष द्यावा, असा याचा अर्थ नव्हे. पण सर्व बोटे मातेकडे वळण्याची आपली रीत किती निराधार आहे, हे यावरून उमगावे.

येथे चरकाचार्यांचे स्मरण होते. शारीरस्थानाच्या तिसऱ्या व चौथ्या अध्यायांत बीज, बीजभाग आणि बीजभागावयव अशी सूक्ष्म विभागणी आहे. ज्या अवयवाचा बीजभाग उपतप्त होतो, त्या अवयवाचीच विकृती अपत्यात दिसते. तो उपतप्त झाला नसेल, तर अंध पित्याचे अपत्य अंध असेलच असे नाही, असा विचार तेथे मांडला आहे. बीजभागावयव म्हणजेच जनुक, असे समीकरण मांडण्याचा मोह आपल्या व्याख्यानांतून वारंवार दिसतो. तो टाळावा, असे मला वाटते. आचार्यांनी तर्काने एक मार्मिक दिशा दाखवली. अक्षर न् अक्षर वाचून केलेली सिद्धी ही आजच्या काळाची आहे. आचार्यांचा गौरव करण्यासाठी दोन्ही एकच असल्याचे म्हणावे लागत नाही.

तसेच जन्मबलप्रवृत्त व्याधींतील मातेच्या अपचाराचा विचार सर्वस्वी त्याज्य ठरतो, असेही नाही. त्याच आढाव्यात अत्यंत अकाली जन्मलेली बालके, गर्भावस्थेत आकडीच्या औषधांशी संपर्क आलेली बालके आणि मधुमेही मातांची बालके, यांच्यात जनुकीय निदान होण्याची शक्यता लक्षणीयरीत्या कमी आढळली. म्हणजे त्यांच्यातील काहींच्या विकृतीचे कारण अन्यत्र असावे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत, आधीच्या गर्भात मज्जानलिकेचे व्यंग असलेल्या स्त्रियांना फॉलिक ॲसिड दिल्याने त्या व्यंगाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी टळली. गर्भिणीचा आहार व आरोग्य महत्त्वाचे आहेतच. मात्र ती काळजी गर्भधारणेपूर्वी व गर्भावस्थेत घ्यावयाची असते; मूल जन्मल्यावर मातेवर आरोपपत्र ठेवण्यासाठी नव्हे. आकडीचे औषध चालू असलेल्या गर्भिणीस ते परस्पर बंद करावयास सांगणे तर घातकच होय. तो निर्णय मेंदुविकारतज्ज्ञांनी, शक्यतो गर्भधारणेपूर्वीच, घ्यावयाचा असतो.

पुढचे मूल कसे होईल?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक जोखमीचे आहे. विकृती नवोद्भूत बदलामुळे असेल, तर पुढील अपत्यात ती पुन्हा येण्याची शक्यता साधारणतः एक टक्क्याच्या आसपास असते. परंतु मातापिता दोघेही एकाच सदोष जनुकाचे निरोगी वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाला चारांत एक असा धोका राहतो. समोर बसलेले बालक दोन्ही प्रसंगी अगदी सारखेच दिसू शकते. नाडी, प्रश्न, दर्शन यांतून हा भेद उलगडत नाही; तो पाठवाचनानेच उलगडतो.

आपल्याकडे हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. ब्रिटनच्या अभ्यासातील ६,०४० कुटुंबांचे विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झाले. युरोपीय वंशाच्या रुग्णांत उभयपक्षी वारशाने आलेल्या, प्रथिन-संहितेतील दोषांचा वाटा सुमारे ३.६ टक्के होता. आप्तविवाह अधिक असलेल्या पाकिस्तानी वंशाच्या रुग्णांत तो सुमारे ३१ टक्के आढळला. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या वा आत्याच्या अपत्याशी विवाह होतात. शिवाय नात्यातला विवाह नसला तरी पिढ्यान्‌पिढ्या एकाच जातीत विवाह होत आल्याने मूळ थोड्या पूर्वजांतील दोष समाजभर पसरतो. दक्षिण आशियातील २६३ समाजगटांच्या २०१७ सालच्या अभ्यासात ८१ गटांमध्ये असा प्रभाव फिनलंडमधील लोकांपेक्षा अथवा युरोपातील ज्यू समाजापेक्षाही प्रबळ आढळला होता. तेव्हा युरोपातील आकडे जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत.

अशा वेळी, गर्भसंस्कार नीट केलेत तर पुढचे मूल निर्दोष होईल, असे आश्वासन एखाद्या वाहक दांपत्यास देणे म्हणजे चारांत एक असलेला धोका त्यांच्यापासून झाकून ठेवणे होय. गर्भिणीपरिचर्येने मातेचे बल वाढेल, गर्भाचे पोषण सुधारेल; जनुकातील चुकलेले अक्षर तिने बदलत नाही. हे स्पष्ट सांगण्यात आयुर्वेदाला कमीपणा नाही. साध्यासाध्यत्वाचा विवेक हे आपल्या शास्त्राचे भूषणच आहे.

अनेक जनुकांचे व्याधी

याउलट मधुमेह, आमवात, हृद्रोग, उच्च रक्तदाब असे आपल्या नित्य परिचयाचे व्याधी एखाद्या जनुकाच्या बिघाडाने सहसा होत नाहीत. २००७ साली ब्रिटनमध्ये सात व्याधींचे प्रत्येकी सुमारे २,००० रुग्ण आणि ३,००० तुलनार्थ व्यक्ती यांच्या जीनोमची पाहणी झाली, तेव्हा या क्षेत्राचे नवे पर्व सुरू झाले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेहाच्या पाहणीत २५ लाखांहून अधिक व्यक्तींचा समावेश होता आणि जीनोममधील ६११ स्थानांचा या व्याधीशी संबंध दिसून आला. यांतील बहुतेक स्थानांचा परिणाम अत्यल्प असतो. सर्वांची बेरीज काढून व्यक्तीचा धोका वर्तवणारे गुणांक आज तयार होतात. तथापि ती प्रवृत्ती असते, प्रारब्ध नव्हे. आहार, विहार, वय, व्यायाम, निद्रा हे उरलेले पारडे सांभाळतात आणि तेथे आपल्या दिनचर्या-ऋतुचर्येला पूर्ण वाव आहे.

हे दोन्ही प्रकार एकमेकांपासून पूर्णतः विभक्त आहेत, असेही नाही. ज्यांच्या विकृती एकाच जनुकामुळे असाव्यात असे मानले जात होते, अशा ६,९८७ बालकांच्या २०१८ सालच्या अभ्यासात, समाजात सर्वत्र आढळणारे सामान्य पाठभेदही धोक्यातील तफावतीच्या ७.७ टक्के भागास कारण असल्याचे दिसले. एकच जनुकदोष असलेली दोन बालके एकसारखी का नसतात, हे समजण्याची वाट त्यातून काही अंशी खुली होते. बीज एक असले तरी क्षेत्र भिन्न, हे आपल्याला परके वाटू नये.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील खेड्यांत गर्भिणींचा व त्यांच्या अपत्यांचा दीर्घकालीन अभ्यास चालवला. गर्भावस्थेत फॉलेट भरपूर परंतु बी-१२ जीवनसत्त्व कमी असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला, असे त्यांनी २००८ साली प्रसिद्ध केले. प्रवृत्ती जनुकांत असली तरी तिला आकार गर्भाशयातही येतो, हे आपल्या मातीतील संशोधनाने दाखवले आहे.

एक उणीव मात्र नोंदवलीच पाहिजे. २०१९ सालच्या एका आढाव्यानुसार अशा पाहण्यांतील सुमारे ७९ टक्के व्यक्ती युरोपीय वंशाच्या होत्या आणि त्यांच्यावर आधारलेले गुणांक दक्षिण आशियाई लोकांत बरेच कमी अचूक ठरतात. घरपोच लाळेची तपासणी करून भविष्य सांगणारे अहवाल रुग्ण दाखवावयास आणतात, तेव्हा ही मर्यादा त्यांना सांगावी. जीनोम-इंडिया प्रकल्पात वाचलेल्या सुमारे १०,००० भारतीयांच्या जीनोमची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. त्यामुळे ही उणीव भरून निघण्याचा आरंभ झाला आहे.

प्रकृती आणि जनुके

आपल्या दृष्टीने जिव्हाळ्याचा विषय प्रकृतीचा. २००५ साली पुण्यातील भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी ७६ व्यक्तींत प्रकृती व एचएलए जनुके यांचा संबंध तपासला. दिल्लीच्या जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेने २००८ साली तीव्र वात, पित्त व कफ प्रकृतीच्या निरोगी व्यक्तींतील जनुकांच्या क्रियाशीलतेतील भेद प्रसिद्ध केले. २०१० साली त्याच संस्थेने ईजीएलएन१ हे जनुक, प्रकृतिभेद आणि उंच प्रदेशातील विरळ हवेशी जुळवून घेण्याची क्षमता, यांचा संबंध मांडला. २०१५ साली हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राच्या पुढाकाराने ३,४१६ जणांतून निवडलेल्या स्पष्ट प्रकृतीच्या २६२ पुरुषांची तपासणी झाली. त्यात पीजीएम१ या जनुकाचा पित्तप्रकृतीशी संबंध दिसला.

हे कार्य अभिनंदनीय आहे, परंतु त्याच्या आधारे प्रकृती जनुकांनी सिद्ध झाली, असे फलक लावणे घाईचे होईल. शेकड्यांतील रुग्णसंख्येवर आढळलेले जनुकसंबंध पुढे हजारोंच्या पाहणीत टिकले नाहीत, असे आधुनिक वैद्यकात अनेकदा घडले आहे. वर दिलेली वीसांत एकाची कसोटी येथे आठवावी. येथे आपल्यावर एक विशेष जबाबदारी येते. संगणकाला दिलेली प्रकृतीची नोंदच दोन वैद्यांनी दोन प्रकारे केली असेल, तर पुढचे सारे गणित व्यर्थ आहे. एकाच व्यक्तीची प्रकृती पाच वैद्यांनी स्वतंत्रपणे तपासून कितपत जुळते, हे पाहण्यास प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या संघटनेच्या कोणत्याही तालुका शाखेला हा उपक्रम एका रविवारी करता येईल.

चिकित्सालयात आणि औषधालयात

या साऱ्याचा नित्य व्यवसायाशी संबंध काय, ते आता थोडक्यात सांगतो.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शाळांतून बालकांची तपासणी करणाऱ्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यकीय अधिकारीच असतात. विकासातील विलंब शोधणे हे त्यांच्या कामाचे एक प्रमुख अंग आहे. म्हणजे अनेक खेड्यांत अशा बालकाला प्रथम पाहणारा डॉक्टर बी.ए.एम.एस. असतो. मान न सावरणे, बसण्यास, बोलण्यास उशीर, शिकलेले विसरणे, आकडी, चेहऱ्याची वेगळी ठेवण, घरात तसेच दुसरे मूल असणे, यांपैकी काही आढळल्यास बालकाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे. वाट पाहू, काही मुले उशिरा बोलतात, असे म्हणून वर्ष दवडू नये. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ व्याधी धोरणान्वये निश्चित झालेल्या उत्कृष्टता केंद्रांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचा समावेश आहे, हेही पालकांना सांगावे.

निदानाचा उपयोग काय, उपचार तर नाहीतच, असा आक्षेप ऐकू येतो. तो पूर्णतः खरा नाही. मेंदूकडे ग्लुकोज वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या, म्हणजे ग्लुट-१ च्या, अभावात आकडीवर मुख्य उपचार स्निग्धप्रधान, अत्यल्प पिष्टमय असा आहार हाच आहे. अशा बालकाला औषधालयातून साखर-गुळाचे अवलेह, आसवारिष्ट वा गोड सिरप दिले गेले, तर तो आहारच मोडतो. फिनाइलकीटोन्युरिया या विकारात दूध व डाळी मोजूनमापूनच द्याव्या लागतात. तेथे मेध्य म्हणून दुधाचा आग्रह धरणे अपायकारक ठरेल. पथ्य हेच औषध, याची याहून ठळक उदाहरणे कोणती असतील? मात्र कोणते पथ्य, हे निदानावाचून ठरत नाही. एससीएन१ए या जनुकाच्या दोषातून होणाऱ्या तीव्र आकडीत काही नेहमीची आकडीविरोधी औषधे उलट अपाय करतात, हेही निदानानंतरच टाळता येते.

औषधालय-चालक बंधूंना एक विनंती. बुद्धिवर्धनासाठी म्हणून ब्राह्मी, शंखपुष्पी, सारस्वतारिष्ट, सुवर्णप्राशन यांची मागणी घेऊन पालक थेट दुकानात येतात. बालकाला आकडी येते का, अन्य औषधे वा विशिष्ट आहार चालू आहे का, हे दोन प्रश्न विचारल्याखेरीज बाटली देऊ नये. पारद, हरताळ, मनःशीळ असलेले स्मृतिसागररसासारखे कल्प वैद्यांच्या चिठ्ठीवाचून बालकासाठी मुळीच देऊ नयेत. आकडीचे चालू औषध बंद करण्याचा सल्ला दुकानातून कधीही जाऊ नये. फिट्स, पक्षाघात, मधुमेह हे विकार बरे करण्याचा दावा असणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणासदृश उपाय कायद्यान्वये निषिद्ध आहे. जनुकदोष दूर करणारे औषध अशी पाटी तर कोणत्याच प्रमाणावर टिकत नाही.

मग आपल्याकडे उरते काय? पुष्कळ उरते. या बालकांना मलबद्धता, अग्निमांद्य, लालास्राव, अनिद्रा, वारंवार प्रतिश्याय, स्नायूंचा ताठरपणा असे अनेक उपद्रव असतात. अभ्यंग, मृदु स्वेदन, युक्त आहार, अग्निरक्षण यांनी बालकाचा दिवस सुसह्य व्हावा, यासाठी आपण बरेच काही करू शकतो. व्यायामोपचार, वाचोपचार यांच्या जोडीने हे चालावे. आणि ज्या मातेची रात्र या बालकाच्या उशाशी जाते, तिच्या स्वतःच्या पाठदुखीची, निद्रेची, रक्तक्षयाची विचारपूस करणारा वैद्य तिला क्वचितच भेटतो. ते काम तर आजच, कोणत्याही अहवालाची वाट न पाहता करता येते.

बीजदोष कोणाचा, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर बहुतांश प्रसंगी असे आहे, की तो कोणाचाच अपराध नव्हे. हे वाक्य सासूसमोर, नवऱ्यासमोर, स्पष्ट शब्दांत उच्चारण्याचा अधिकार आणि वजन आपल्याकडे आहे. त्याचा उपयोग आपण सर्वांनी करावा, एवढीच नम्र विनंती. इत्यलम्.